थंडी पडली की तोंड मुरमांनी भरतं, कातडी मात्र कोरडी. पहाटे ग्राउंडला जाणाऱ्यानं काय करावं?

माणचा_धावपटू · ८ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार. मी मूळचा दहिवडीकडचा. गेल्या वर्षापासून साताऱ्यात गोडोलीला तिघांत एक रूम करून राहतोय, पोलीस भरतीची तयारी चालू आहे. वय २१. विचारायला लाज वाटत होती, कारण आमच्यात मुरमांचं बघणं हे पोरींचं काम समजतात. पण आता आरशात बघवत नाही म्हणून लिहितोय.

उन्हाळ्यात, पावसाळ्यात नाकावर एखाददुसरी पुटकुळी येते नि जाते. दिवाळी झाली, थंडी पडली की कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीच्या खाली भरून येतं. गेल्या हिवाळ्यातही हेच झालं होतं, होळीच्या सुमारास आपोआप कमी आलं. यंदा जास्त आहे. मला कळत नाही ते असं, की एकाच वेळी कातडी कोरडी पडते, नाकाच्या बाजूला पांढरे पापुद्रे निघतात आणि त्यातच मुरूम. कोरडं आहे म्हणून तेल लावावं तर मुरूम वाढतात. मुरूम आहेत म्हणून साबण लावावा तर तोंड असं ताणतं की हसलं तरी ओठाच्या कडेला चिरतं.

रोजचं सांगतो म्हणजे अंदाज येईल. पहाटे पावणेपाचला उठतो. कानटोपी, त्यावरून मफलर. पाचला शाहू स्टेडियमला, आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढतो. घाम येतो, त्यावर गार वारं लागतं, तोंड मफलरनंच पुसतो. रूमवर आलो की कडकडीत पाणी तोंडावर घेतो, त्यानं मुरमातली घाण निघते असं ऐकलंय. साबण दिवसातून चार वेळा. आईनं दिवाळीचं उरलेलं उटणं डबा भरून दिलंय, त्यानं रोज घासतो. रात्री आजोबांची घोंगडी डोक्यावरून घेऊन झोपतो. दोन महिन्यांपासून प्रोटीन पावडर दुधातून घेतोय.

आणि एक ट्यूब लावतोय. रूममधल्या मित्रानं मेडिकलमधून आणली, चिठ्ठी वगैरे काही लागली नाही. पहिले दहा दिवस तोंड एकदम साफ, उजळसुद्धा झालं. मग चार दिवस गावाला गेलो, ट्यूब न्यायची राहिली, तर सगळं दुप्पट उठलं आणि आग व्हायला लागली. परत लावली की बसतं. असे पाच आठवडे झाले. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

वाईची_काकू · ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

बाळा, लाजायचं काही कारण नाही. सहाणेवर दुधात जायफळ उगाळ आणि रात्री नुसत्या मुरमावर टिकली लाव. हळद आणि साय चेहऱ्याला चोळ, साईनं कोरडेपणा जातो आणि हळदीनं जंतू मरतात. हळद मात्र सांगलीची घे, रंगाची नको. तिखट आणि शेंगदाणे बंद कर, अंगात उष्णता वाढते. उटणं चालूच ठेव, ते चांगलं असतं. पोट साफ राहील असं बघ.

कृष्णाकाठ_सांगली · ९ डिसेंबर, दुपारी २:३०

बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी ती ट्यूब हातात घे. मोठ्या अक्षरातलं नाव नको, त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधांची जी नावं असतात ती जशीच्या तशी इथं लिही. खोक्याच्या डाव्या बाजूला लाल उभी रेघ आहे का तेही बघ. मी सांगलीला विश्रामबागेत १९ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर आहे, म्हणून विचारतेय.

माणचा_धावपटू · ९ डिसेंबर, रात्री ८:०५

ताई, लिहिलंय: क्लोबेटासोल प्रोपिओनेट, निओमायसिन, मायकोनाझोल. लाल रेघ आहे.

कृष्णाकाठ_सांगली · ९ डिसेंबर, रात्री १०:४०

मला हीच भीती होती. नीट वाच, दादा, घाई करू नको.

क्लोबेटासोल हे कातडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जोरकस औषध आहे. हाता-पायाच्या तळव्यांवर जाड चट्टे असतात, तिथं त्वचेचे डॉक्टर ते मोजके दिवस लिहून देतात. चेहऱ्याची कातडी त्यामानानं फार पातळ असते, तिथं ते लावायचं नाही. तुझं तोंड दहा दिवसांत साफ झालं कारण स्टेरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आवळून धरतं. लाली जाते, माणूस उजळ दिसतो. मुरूम ज्यामुळं आला ते तिथंच राहतं. मग कातडीला त्याची सवय लागते. एक दिवस नाही लावलं की लाल होते, आग होते, दुप्पट उठतं, आणि माणूस घाबरून परत लावतो. तुझं गावाला गेल्यावर झालं ते नेमकं हेच. हे असंच चालू राहिलं तर कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, नको तिथं लव वाढते, आणि बारीक, एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्या येत राहतात. त्या थंडीच्या नसतात, त्या औषधाच्या असतात.

लाल रेघेचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा आहे. कुणी विकलं ते मला नको सांगूस, पण काउंटरवर उभी राहणारी बाई म्हणून मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडं दर हिवाळ्यात कुणी ना कुणी रिकामी ट्यूब घेऊन येतंच, 'हीच द्या' म्हणून. मी देत नाही. काहींना राग येतो, ते पुढच्या दुकानात जातात.

ती ट्यूब कशी सोडायची ते स्वतःच्या मनानं ठरवू नकोस. पाच आठवडे झालेत. याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखव आणि ट्यूब सोबत ने. एकदम बंद करायची की हळूहळू, हे चेहरा बघून तेच सांगतील. खर्चाची काळजी असेल तर सिव्हिलला केसपेपर काढून दाखव. त्यांना पावडरचंही सांग आणि खाज येते का तेही सांग. कपाळ, छाती, पाठ इथं एकसारखे बारीक पुरळ असतील आणि खाजत असतील, तर कधी कधी तो मुरूम नसतोच, घामानं वाढलेली बुरशी असते. त्याचं औषध वेगळं.

आता थंडीचं. कोरडं आणि मुरूम एकत्र कसं, असं तू विचारलंस. मुरूम होतो तो केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राचं तोंड बंद झाल्यामुळं. आतलं तेल बाहेर यायला वाट मिळत नाही, मागं साचतं, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. हिवाळ्यात हवा कोरडी असते, तुमच्या माणच्या बाजूला तर फारच. कातडीतलं पाणी उडतं. वरच्या मेलेल्या पेशी एरवी आपोआप झडतात, त्या कोरड्या होऊन पापुद्र्यासारख्या चिकटून बसतात आणि छिद्रांची तोंडं झाकतात. वर कोरडं, आत अडलेलं तेल. त्यात तू कडकडीत पाणी आणि चार वेळा साबण घालतोस, म्हणजे कातडीचं जे काही राखण होतं तेही धुऊन जातं. मग ती पटकन लाल होते, सुजते, आणि साधी पुटकुळीसुद्धा मोठी दिसते. गरम पाण्यानं छिद्रातली घाण निघत नाही.

म्हणून कोरडेपणा आवर, मुरूम निम्मे तिथंच आवरतील. कोमट पाणी, मनगटावर घेतलं तर ना गार ना गरम वाटेल असं. सकाळी ग्राउंडवरून आल्यावर एकदा आणि रात्री झोपताना एकदा, सौम्य फेसवॉश. अंगाचा साबण तोंडाला नको. पंचानं घासायचं नाही, टिपायचं. आणि तोंड थोडं ओलं आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. आम्ही काउंटरवर सांगतो, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं पातळ लोशन बघ आणि बाटलीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं बघ, म्हणजे छिद्र बंद न करणारं. सुवासाचं नको. घट्ट कोल्ड क्रीम, खोबरेल, मोहरीचं तेल यातलं काही चेहऱ्याला नको. चिरलेल्या ओठांना व्हॅसलीन चालेल.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमची थोरली बारावीला होती, सांगलीहून मिरजेला स्कूटीवर क्लासला जायची. थंडीचे दिवस, म्हणून मी दर रविवारी रात्री तिच्या डोक्याला दाबून खोबरेल तेल लावायचे, सकाळी त्यावर स्कार्फ घट्ट. जानेवारीपर्यंत तिच्या कपाळावर केसांच्या कडेनं मुरमांची ओळ उठली, मण्यांची माळ ओवावी तशी, आणि दुसरी ओळ जबड्याच्या कडेला, बरोबर स्कार्फची गाठ यायची तिथं. मी दुकानात लोकांना सल्ले देत होते आणि घरातलं मला दिसलं नाही. पोरगी वर्गात मागच्या बाकावर बसायला लागली, फोटोत यायची नाही. ते कळलं तेव्हा पोटात तुटलं. तेल फक्त केसांच्या टोकांना आणि तेही डोकं धुवायच्या दोन तास आधी असं केलं, स्कार्फ सुती घेतला आणि दोन दिवसाआड धुतला, रात्री केस वर बांधून झोपायला लावलं. बाकी औषध डॉक्टरांचं होतं, पण कपाळावरची ओळ गेली ती मुख्यतः तेल थांबल्यावर.

तुझ्या हनुवटीखालचं मला त्यामुळंच ओळखीचं वाटलं. कानटोपीची नाडी जिथं घासते तिथंच आहे ना? टोपी आणि मफलर घाम पितात, वाळतात, परत तोंडाला लागतात. टोपीच्या आत रोज धुतलेला सुती रुमाल बांध. घाम टिपायला वेगळा रुमाल खिशात ठेव. घोंगडी आजोबांची आहे, ती सोड म्हणणार नाही. पण तिची खरखरीत लोकर रात्रभर गालाला घासणं या कातडीला सोसणारं नाही. तोंडाकडच्या काठाला जुन्या धोतराची मऊ पट्टी घाल, हातभर रुंद, चार टाके पुरेत. म्हणजे ती उसवून धुताही येईल.

उटणं बंद. उटण्याचा भरड कण सुजलेल्या मुरमावर घासला की मुरूम फुटतो आणि डाग मागं राहतो. वर्षातून चार दिवस अंगाला लावायची ती वस्तू आहे, रोज तोंड घासायची नाही. दाढी करताना आधी कोमट पाण्यानं केस मऊ होऊ दे, ब्लेड नवं आणि स्वतःचं, केसांच्या दिशेनं एकदाच फिरव.

वाईच्या काकूंना राग येऊ नये, पण सांगते. मी सांगलीची आहे, आमच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी मानांकन, मिळालं तेव्हा मार्केट यार्डात सगळ्यांना किती आनंद झाला ते मी पाहिलंय. हळदीचा मला अभिमान आहे, पण ती भाजीत. आधीच स्टेरॉइडनं हुळहुळी झालेल्या चेहऱ्यावर हळद, जायफळ, लिंबू, टूथपेस्ट असलं काहीही लावलं तर आग वाढेल. आणि साय म्हणजे स्निग्ध थर, तो त्याच छिद्रांवर बसणार. शेंगदाणे आणि तिखटानं मुरूम येतात असं काही नाही. गरीब घरच्या खेळाडूनं शेंगदाणे सोडून कसं चालेल? पावडरचं मात्र बघ. दूध फाडून पनीर-चीज करताना जे पाणी उरतं त्यापासून केलेल्या पावडरनं, ज्याला व्हे म्हणतात, काहींचे मुरूम वाढतात. दोन महिने थांबवून पाहा. अंडी, मटकी, हरभरा, शेंगदाणे यांतून प्रथिनं मिळतील.

निवृत्त_सुभेदार_कोरेगाव · १० डिसेंबर, पहाटे ५:५०

ताईंनी बरोबर सांगितलं. पोरा, मी लडाखला दोन हिवाळे काढलेत. तिथल्या कोरड्या थंडीत हेल्मेटच्या पट्ट्याखाली आमच्या जवानांना असंच व्हायचं, नेमकं पट्ट्याच्या रुंदीएवढं. पट्टा रोज पुसायचा आणि आत सुती कापड, एवढ्यानं फरक पडायचा.

मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. तू 'पावडर' म्हणालास. डब्यावर काय लिहिलंय ते तू स्वतः वाचलंयस का? भरतीच्या पोरांना काही ठिकाणी ताकदीची गोळी किंवा इंजेक्शन देतात. त्यानं खांद्यावर, पाठीवर एकदम मोठे मोठे मुरूम येतात आणि ते मुरमापुरतं थांबत नाही, लिव्हर आणि हृदयापर्यंत जातं. कुणी असलं काही दिलं असेल तर डॉक्टरला लपवू नकोस. तुला कुणी रागावणार नाही.

माणचा_धावपटू · १० डिसेंबर, रात्री ९:२०

सुभेदार साहेब, इंजेक्शन वगैरे काही नाही. डबा बघितला, साधं व्हेच आहे. पाठीवर काही नाही, खाजही नाही. टोपीची नाडी सोडून आरशात बघितलं ताई, तुम्ही म्हणता तशी ओळ बरोबर नाडीखाली आहे.

ट्यूबचं वाचून झोप लागली नाही. उद्या दवाखान्यात जातो.

कराडची_मी · ११ डिसेंबर, दुपारी १:०५

मध्येच विचारते, माफ करा. मला पण हिवाळ्यात हनुवटी आणि जबड्यावर येतात, पण पाळीसुद्धा दोन-दोन महिने पुढं जाते आणि हनुवटीवर जाड केस आलेत. वय २४. हे पण थंडीचंच का?

कृष्णाकाठ_सांगली · ११ डिसेंबर, रात्री १०:१५

कराडच्या ताई, तुमचं फक्त थंडीवर सोडू नका. पाळी लांबणं, हनुवटीवर केस आणि तिथंच मुरूम, हे तिन्ही एकत्र असतील तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाच्या एका आजाराची, शंका घेतात. स्त्रीरोग डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी आणि रक्त तपासून ते सांगतील. आणि हे लक्षात ठेवा, मुरमांची आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल मैत्रिणीची म्हणून कधी घेऊ नका. ती चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. त्वचेच्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घ्यायचीच नाही.

माणचा_धावपटू · १३ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

जाऊन आलो. मॅडमनी ट्यूब बघितली, डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "या महिन्यातला तू कितवा आहेस माहितेय का?" बंदच करायला सांगितली. दोन-तीन आठवडे आग होईल, उठेल, घाबरून परत लावायची नाही असं दोनदा बजावलं. डॉक्सीसायक्लिनची गोळी दिलीय रोज एक, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. ॲडापलीन नावाचं जेल एक महिन्यानं, कातडी शांत झाल्यावर सुरू करायचंय.

आज तिसरा दिवस. तोंड टोमॅटोसारखं लाल झालंय, वारं लागलं तरी झोंबतं. ग्राउंडला गेलो नाही. सनस्क्रीन खरंच लागतं का हो, थंडीत कसलं ऊन?

कृष्णाकाठ_सांगली · १३ डिसेंबर, रात्री ९:००

शाब्बास. हे तीन आठवडे सगळ्यात अवघड आहेत, ते मला माहिती आहे. जास्त झोंबलं तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात पिळून पाच मिनिटं ठेव आणि त्यावर लोशन. बर्फ थेट लावू नको. पहाटेच्या वाऱ्यात जायचंच असेल तर तोंडावर लोशनचा एक थर देऊन जा.

सनस्क्रीन लागतंच. थंडीत ऊन टोचत नाही म्हणून आपण जास्त वेळ उन्हात बसतो. मुरमाचा डाग उन्हानं काळा पडतो आणि मग महिनोन् महिने जात नाही. त्यात डॉक्सीसायक्लिन चालू असताना ऊन लवकर बाधतं. जेल किंवा पातळ लोशनचं, एसपीएफ ३० किंवा वरचं, ग्राउंडवर दिवस निघणार असेल तर दुपारी परत एकदा.

गोळीबद्दल एक गोष्ट पोरं हमखास चुकतात. ती पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, निदान अर्धा तास बसून राहायचं. अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखं होतं. गोळी दुधासोबत नको, गुण कमी होतो. तू दूध पितोस म्हणून मुद्दाम सांगतेय, मध्ये दोन-तीन तास जाऊ दे.

ॲडापलीन सुरू होईल तेव्हा रात्री कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याच्या दाण्याएवढंच, आणि तेवढं पूर्ण चेहऱ्याला. एकेका मुरमावर टिकली लावायची नाही. सुरुवातीला एक दिवसाआड, आधी मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे थोडे मुरूम जास्त दिसतील. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, त्याआधी औषध बदलू नको. आणि पुढं कधी बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरमांचं औषध दिलं तर उशीचा अभ्रा आणि पंचा पांढरा वापर, रंगीत कापडाचा रंग उडतो.

माणचा_धावपटू · १८ जानेवारी, रात्री ८:४५

ताई, साहेब, काकू, सगळ्यांना सांगायला आलो. ३ जानेवारीपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. संक्रांतीला गावाला गेलो तेव्हा लाली गेली होती, आग नाही. मुरूम अजून आहेत, पण लहान आणि कमी. पापुद्रे पूर्ण थांबले. हनुवटीखालची ओळ तर गेलीच. आईनं घोंगडीला आजोबांच्याच धोतराची पट्टी लावून दिली. उटणं परत दिलं होतं, मी अंगाला लावतो म्हणून ठेवून घेतलं. जेल चार दिवसांपासून सुरू केलंय.

एक सांगायचं राहिलं होतं. ती ट्यूब आम्ही तिघं मिळून लावायचो. मी बंद केली तरी ते दोघं अजून लावतायत. एकाच्या गालावर बारीक लाल रेघा दिसायला लागल्यात, केसासारख्या. त्याला मी तुमचं सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो भरतीचं मैदान झाल्यावर बघू.

कृष्णाकाठ_सांगली · १८ जानेवारी, रात्री ११:१०

त्या रेघा म्हणजे वर आलेल्या रक्तवाहिन्या. जितका उशीर तितक्या त्या कायमच्या होण्याची भीती जास्त. त्याला मैदानाची काळजी आहे ना, मग त्याला तुझं स्वतःचं सांग. तू ट्यूब सोडल्यावर किती दिवस ग्राउंड बुडलं?

माणचा_धावपटू · १९ जानेवारी, पहाटे ४:४०

पाच दिवस. फक्त पाच. आत्ता त्याला उठवून तेवढंच सांगितलं. बुधवारी केसपेपर काढायला तिघंही जातोय.